शस्त्रतस्करीचा माग : खुल्या नोंदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

वृत्तपत्रे, न्यायनिवाडे, पोलिसांची प्रसिद्धिपत्रके, समाजमाध्यमांवरील छायाचित्रे अशा सर्वांना उपलब्ध साधनांतून बेकायदा शस्त्रव्यापाराचे धागे जुळवण्याच्या पद्धतीला खुल्या स्रोतांवरील तपास म्हणतात. ब्रिटनच्या इलियट हिगिन्स यांनी यूट्यूबवरील चित्रफिती न्याहाळून सीरियातील बंडखोरांच्या हाती युगोस्लाव्ह बनावटीची शस्त्रे आल्याचे २०१३ मध्ये दाखवले आणि या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले.

बेळगाव-निपाणी सीमाभागात ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरते. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड आणि बेंगळुरू एकाच राष्ट्रीय महामार्गाने जोडलेली आहेत. चोर्ला घाटातून गोवाही जवळ आहे. याच महामार्गावरील तीन शहरांत गोविंद पानसरे (कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५), एम. एम. कलबुर्गी (धारवाड, ३० ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (बेंगळुरू, ५ सप्टेंबर २०१७) यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांपैकी कलबुर्गी व लंकेश यांच्या हत्यांत एकच ७.६५ मिमी गावठी पिस्तूल वापरल्याचा निष्कर्ष न्यायवैद्यक तपासणीतून निघाला.

गावठी शस्त्रावर कारखान्याचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे त्याचा माग माणसे, ठिकाणे आणि वाटा यांच्या नोंदींतूनच काढावा लागतो. मात्र या नोंदी महाराष्ट्रात मराठीत, कर्नाटकात कन्नडमध्ये, तर न्यायनिवाड्यांत बहुधा इंग्रजीत असतात. बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशी एकाच शहराची तीन रूपे आढळतात. व्यक्तिनावांची रूपे त्याहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्राथमिक माहिती अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागतात. असे विखुरलेले कागद वाचणे, लिप्यंतर करणे आणि त्यांतील साम्य दाखवणे हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता वेगाने करू शकते.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पुंगळीवरील सूक्ष्म खुणा खुल्या नोंदींत नसतात. त्या प्रयोगशाळेतच तपासाव्या लागतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाआडनावाची अनेक माणसे राहतात. नामसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. माहिती अहवालात नाव आले म्हणून कोणी दोषी ठरत नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रविक्रीस किमान ७ वर्षे कारावास आणि कमाल जन्मठेप आहे. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात चुकीची जुळणी निरपराधाचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्रही द्यावे लागते. म्हणून यंत्राने दाखवलेला दुवा ही चौकशीची सुरुवात मानावी. त्याची खातरजमा मूळ कागदपत्रांवरून माणसानेच करावयाची असते.