हार्डवेअर-सुरक्षा संशोधनातील कंपनीची भागीदारी : इंटेल, विद्यापीठे आणि भिलाई

चिप, प्रोसेसर आणि यंत्रनियंत्रक यांच्या रचनेतच दडलेल्या सुरक्षा-त्रुटी शोधण्यासाठी व दूर करण्यासाठी उत्पादक कंपनी, विद्यापीठ आणि वापरकर्ता उद्योग यांनी मिळून केलेले संशोधन. सॉफ्टवेअरमधली चूक नवी आवृत्ती पाठवून सुधारता येते. सिलिकॉनमध्ये उतरलेली चूक मात्र बहुधा चिप बदलेपर्यंत राहते. फार तर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला सूचनासंच, बदलून तिचा धोका कमी करता येतो. त्यातच चिपचा संपूर्ण आराखडा फक्त कंपनीकडे असतो, आणि बाहेरच्या अभ्यासकाला वीजवापर, लागलेला वेळ किंवा मुद्दाम घडवलेला बिघाड यांवरून आतल्या व्यवहाराचा माग काढावा लागतो. केवळ वेळेच्या मोजमापावरून गुप्त किल्ली उघड होऊ शकते, हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवले, तेव्हापासून ही अभ्यासशाखा वाढत गेली. या क्षेत्रात कंपनीने किती पैसा दिला यापेक्षा तिने काय उघड केले आणि काय प्रसिद्ध होऊ दिले, यावरच तिच्या सहभागाचे मोल ठरते.

इंटेल या अमेरिकी कंपनीचा अनुभव याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. कंपनीने २०१२ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठात सुरक्षित संगणनासाठी सहयोगी संशोधन संस्था सुरू केली. पुढे याच विद्यापीठासह आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठासह तिने ‘हॅक ॲट डॅक’ ही स्पर्धा उभी केली. तीत स्पर्धकांना मुद्दाम त्रुटी पेरलेले चिप-आराखडे तपासायला दिले जातात. हार्डवेअरमधल्या दुबळ्या जागांना सर्वमान्य नावे व क्रमांक देणारी यादी मायटर संस्थेने २०२० मध्ये आपल्या सीडब्ल्यूई सूचीत समाविष्ट केली, त्या कामातही इंटेलचा वाटा होता. नावे ठरल्यामुळे एका कंपनीचा धडा दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्याला वापरता येऊ लागला. एखाद्या प्रयोगशाळेला दिलेल्या अनुदानापेक्षा हे योगदान अधिक टिकाऊ आहे, कारण ते कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही.

कंपनीच्या पैशावर चालणारा संशोधक कंपनीची चूक कशी दाखवील, असा आक्षेप घेतला जातो. शंका रास्त आहे. पण प्रत्यक्षात काय घडले तेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राट्स तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकगटाने आपल्या अनेक शोधनिबंधांत इंटेलच्या देणगीचा उल्लेख केला आहे. याच गटाने बर्मिंगहॅम व ल्यूव्हन येथील अभ्यासकांसह २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला जाहीर केला. प्रोसेसरचा व्होल्टेज किंचित कमी करून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गणितात चुका घडवता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. इंटेलने व्होल्टेज बदलण्याची ती वाट बंद करता येईल अशी मायक्रोकोड व बायोसची दुरुस्ती दिली. प्रसिद्धीचा हक्क संशोधकाच्या हाती राहिला, तर देणगी त्याचे तोंड बंद करत नाही. म्हणून करारात निधीच्या रकमेइतकेच प्रसिद्धीच्या कलमाला महत्त्व द्यायला हवे.

आराखडा गुप्त ठेवणे हेच संरक्षण, हा दुसरा आक्षेप. सुरक्षितता यंत्रणेच्या गुप्ततेवर अवलंबून नसावी, फक्त किल्ली गुप्त असावी, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. अर्थात त्रुटी सापडताच ती जगजाहीर करणेही घातक ठरेल. प्रोसेसरमधील मेल्टडाउन व स्पेक्टर या त्रुटी इंटेलला जून २०१७ मध्ये कळवल्या गेल्या, पण त्या जानेवारी २०१८ मध्ये उघड झाल्या. मधल्या काळाचा दुरुस्तीसाठी उपयोग झाला, हे खरे. तरी बातमी फुटेपर्यंत अमेरिकेच्या सरकारी संगणक-आपत्ती यंत्रणेलाही इंटेलने कळवले नव्हते. मुदतीपुरती गुप्तता समर्थनीय आहे. ती कोणाकोणासाठी उठवायची याचा निर्णय एकट्या कंपनीवर सोडणे समर्थनीय नाही.

भारतात या प्रश्नाचा विचार करायला छत्तीसगडमधील दुर्ग जिल्हा योग्य जागा आहे, कारण वापरकर्ता उद्योग आणि संशोधन-संस्था दोन्ही तेथे आहेत. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, आणि भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने येथेच तयार होतात. २०१६ मध्ये स्थापन झालेली भिलाईची आयआयटी दुर्गजवळ कुटेलाभाठा येथे आहे. तिचे कायमस्वरूपी संकुल २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. तेथील ‘डिसायफर्ड’ प्रयोगशाळेत सांकेतिक पद्धतींचे विश्लेषण आणि दोष-हल्ले यांवर संशोधन होते. राष्ट्रीय सायबर-भौतिक प्रणाली अभियानाखाली वित्त-तंत्रज्ञानाचे केंद्रही याच संस्थेत आहे.

पोलाद कारखाना चिप बनवत नाही, मग त्याचा येथे काय संबंध, असे विचारले जाईल. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने २०१४ च्या अहवालात एका पोलाद कारखान्यावरील हल्ल्याची नोंद केली. हल्लेखोर कार्यालयीन जाळ्यातून उत्पादन-यंत्रणेत शिरले, झोतभट्टी नीट बंद करता आली नाही आणि मोठे नुकसान झाले. स्टक्सनेट या घातक संगणक-प्रणालीने त्याआधीच, २०१० मध्ये, सीमेन्सच्या नियंत्रकांमार्फत यंत्रे मोडता येतात हे जगाला दाखवले होते. नियंत्रक विकत घेणाऱ्याला त्याच्या आत काय आहे हे तपासता येत नसेल, तर भट्टीची सुरक्षा विक्रेत्याच्या शब्दावर टांगलेली राहते. म्हणून वापरकर्ता कंपनीही या संशोधनात बरोबरीची भागीदार ठरते. वापरातून काढलेले नियंत्रक अभ्यासाला देणे, खरेदी-करारात स्वतंत्र तपासणीचा हक्क राखणे आणि बिघाडाच्या नोंदी संशोधकांना दाखवणे, हे तिच्या हातात आहे. यासाठी लागणारा खर्च नव्या भट्टीच्या तुलनेत नगण्य असतो.

स्वदेशी चिप बनवल्यास हा प्रश्न उरणार नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. मुंबईच्या आयआयटीने मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीसह विकसित केलेल्या स्मृती-तंत्रज्ञानाचा हार्डवेअर-सांकेतिकीकरणासाठीही उपयोग होतो. असे प्रयत्न परावलंबन घटवतात. पण देशी आराखड्यातही वेळेची आणि वीजवापराची गळती तितकीच संभवते. चिप परदेशी असो वा देशी, तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी स्वतंत्र हातांनी तिची तपासणी व्हावी लागते. ती तपासणी होऊ देणे आणि तिचे निष्कर्ष दडपून न ठेवणे, ही या भागीदारीतील कंपनीची खरी जबाबदारी होय.