आभासी यंत्रांवरील माहितीसंचय प्रणाली

एका प्रत्यक्ष संगणकाचा प्रक्रियक, स्मृती व चकती यांची आज्ञावलीद्वारे वाटणी करून अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करता येतो. अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र आणि ही वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस नियंत्रक किंवा हायपरव्हायझर असे म्हणतात. परस्परसंबंधित नोंदी साठविणे, शोधणे, त्यांत बदल करणे आणि झालेला बदल टिकून राहील याची हमी देणे ही कामे करणारी आज्ञावली म्हणजे माहितीसंचय प्रणाली किंवा डेटाबेस सर्व्हर होय. बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयातील नोंदी इत्यादींचा व्यवहार अशा प्रणालींवर अवलंबून असतो.

नियंत्रक व माहितीसंचय प्रणाली या दोहोंचे काम प्रक्रियक, स्मृती व चकती या तीन साधनांचे व्यवस्थापन करणे हेच असते. त्यामुळे त्या एकत्र आल्या म्हणजे एका घरात दोन कारभारी असावेत तशी स्थिती होते. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे योग्य असला, तरी दोघांच्या निर्णयांचा मेळ न बसल्यास काम मंदावते व क्वचित नोंदी नष्ट होण्याचाही धोका संभवतो. या दोन कारभाऱ्यांमधील कामाची विभागणी कशी ठरत गेली, हाच या विषयाचा इतिहास आहे.

प्रारंभ : आभासी यंत्राची कल्पना आयबीएम या कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात मूर्त रूपास आली. तेथे १९६४ मध्ये रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली सीपी-४० या नियंत्रकाचे काम सुरू झाले आणि १९६७ मध्ये तो वापरात आला. त्यानंतर सीपी-६७ व २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेली व्हीएम/३७० ही प्रणाली असा त्याचा विकास झाला. १९७४ मध्ये जेरल्ड पॉपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी नियंत्रकाची तीन लक्षणे निश्चित केली : आभासी यंत्रात आज्ञावली मूळ यंत्रातल्याप्रमाणेच चालावी, साधनांवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा असावा आणि बहुतेक आज्ञा प्रत्यक्ष प्रक्रियकावर थेट चालाव्यात. यांपैकी तिसरे लक्षण कार्यक्षमतेचे असून पुढील बहुतेक प्रयत्न त्याच्याशी निगडित आहेत.

सिस्टिम आर : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावर आधारलेली सिस्टिम आर ही प्रायोगिक माहितीसंचय प्रणाली आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत १९७०–८० या दशकात तयार झाली. एसक्यूएल ही भाषा याच प्रकल्पातून पुढे आली. ही प्रणाली व्हीएम/३७० वर चालत असे. प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र आभासी यंत्र असे व देखरेखीसाठी आणखी एक यंत्र ठेवलेले असे. मात्र आभासी यंत्रे एकमेकांपासून पूर्ण अलग असतात, तर माहितीसंचयातील कुलपांची व बफरांची कोष्टके सर्वांना सामाईक असावी लागतात. म्हणून अनेक यंत्रांना स्मृतीचा एक भाग वाटून घेता यावा आणि परस्परांना संदेश पाठविता यावेत, यासाठी व्हीएम/३७० मध्येच भर घालावी लागली. माहितीसंचयाच्या गरजेपुढे नियंत्रकाने आपला नियम शिथिल करण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

याच प्रणालीत ‘ताफा’ या नावाने ओळखला जाणारा दोष आढळला. १९७९ मध्ये माइक ब्लास्गेन, जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे विवेचन केले. वारंवार लागणारे एखादे कुलूप, उदा., व्यवहारांच्या नोंदवहीचे, हाती असतानाच एखाद्या प्रक्रियेकडून प्रक्रियक काढून घेतला गेला, तर इतर सर्व प्रक्रिया त्या कुलपापाशी रांगेत अडकतात. अरुंद पुलावर एक गाडी बंद पडावी आणि मागे गाड्यांची रांग लागावी, तसा हा प्रकार असतो. गाडी सुरू झाल्यावरही ही रांग दीर्घकाळ मोडत नाही. कुलूप सोडताना ते रांगेतील पहिल्याच्या हाती न देता मोकळे ठेवावे व वाट पाहणाऱ्या सर्वांना जागे करावे, असा उपाय त्यांनी सुचविला. आभासी प्रक्रियकाला नियंत्रक मधेच थांबवतो तेव्हा हाच दोष अधिक तीव्रतेने उद्‌भवतो.

दुहेरी पृष्ठांतरण : स्मृती अपुरी पडल्यास तिच्यातील काही पृष्ठे चकतीवर हलविली जातात. आभासी यंत्रातील प्रचालन प्रणाली व बाहेरचा नियंत्रक हे दोघेही स्वतंत्रपणे असे करू लागले, की नियंत्रकाने आधीच चकतीवर नेलेले पृष्ठ आतील प्रणाली बाहेर काढू पाहते. मग ते केवळ पुन्हा चकतीवर लिहिण्यासाठी परत स्मृतीत आणावे लागते. गोल्डबर्ग व हॅसिंजर यांनी १९७४ मध्ये दाखविले, की प्रत्यक्ष स्मृती न वाढविता आभासी यंत्राची भासमान स्मृती वाढविल्यास पृष्ठांतरण कमी होण्याऐवजी वाढू शकते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्ये इन्ग्रेस या प्रणालीच्या अनुभवावरून असाच आक्षेप सर्वसाधारण प्रचालन प्रणालींवर घेतला. यापुढे कोणते पृष्ठ लागणार व कोणती नोंद आधी चकतीवर पोहोचली पाहिजे, हे माहितीसंचय प्रणालीलाच ठाऊक असते, ही त्यांची मांडणी आजही प्रमाण मानली जाते.

पुनरुज्जीवन : स्वस्त सूक्ष्मप्रक्रियकांच्या प्रसारानंतर आभासी यंत्रे काही काळ मोठ्या संगणकांपुरतीच उरली. इंटेल पेंटियम प्रक्रियकातील १७ आज्ञा पॉपेक–गोल्डबर्ग कसोटीला उतरत नसल्याचे २००० साली दाखविण्यात आले. ही अडचण व्हीएमवेअर या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने अशा आज्ञांचे चालू स्थितीतच भाषांतर करून, तर २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने आतील प्रचालन प्रणालीतच फेरफार करून दूर केली. व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर २००१ मध्ये बाजारात आला. स्मृती परत घेण्यासाठी त्यात वापरलेल्या ‘फुगा’ या युक्तीचे वर्णन कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये केले. नियंत्रक आभासी यंत्रातील एका साहाय्यक आज्ञावलीला स्मृती मागावयास लावतो व तिला मिळालेली पृष्ठे स्वतःकडे घेतो. कोणती पृष्ठे सोडावयाची, हे आतील प्रणालीच ठरवीत असल्याने दुहेरी पृष्ठांतरण बरेचसे टळते. तथापि माहितीसंचयाचा बफर मोठा व सतत वापरात असल्याने त्यावर हा उपाय फारसा लाभदायक ठरत नाही. म्हणून अशा यंत्रासाठी संपूर्ण स्मृती राखून ठेवण्याची प्रथा रूढ झाली.

यंत्ररचनेतील साहाय्य : इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांसाठी खास सोयी प्रक्रियकात आणल्या. पुढे एएमडीने २००७ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये स्मृतीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतर प्रक्रियकाकडे सोपविले. यात नियंत्रकाचा वारंवार होणारा हस्तक्षेप टळला. परंतु एक पत्ता शोधण्यास पूर्वी चार वेळा स्मृती पाहावी लागे, तेथे सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत २४ वेळा पाहावी लागू लागली. विस्तृत स्मृतीत विखुरलेल्या नोंदी शोधणाऱ्या माहितीसंचयास हा भार विशेष जाणवतो. ४ किलोबाइटांऐवजी २ मेगाबाइटांची पृष्ठे वापरल्यास तो पुष्कळ घटतो. चकती व जाळे यांच्यासाठी लिनक्समधील व्हर्टिओ हे सामाईक माध्यम आणि एकच उपकरण अनेक यंत्रांना थेट जोडून देणारी एसआर-आयओव्ही ही पद्धती उपलब्ध झाल्यावर अंतर आणखी कमी झाले.

नोंदींची शाश्वती : गतीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न विश्वासाचा आहे. व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगण्यापूर्वी माहितीसंचय प्रणाली नोंदवही चकतीवर पक्की लिहिण्याची आज्ञा देते. यजमान संगणकाने वेग वाढविण्यासाठी ही आज्ञा दुर्लक्षून लेखन आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवले व ‘झाले’ असे खोटेच कळविले, तर चाचणीत आकडे उत्तम दिसतात. वीज खंडित होताच मात्र ग्राहकाला मिळालेली पावती खरी आणि खात्यातील नोंद नाहीशी, अशी स्थिती ओढवते. त्यामुळे यजमानाचा बफर टाळून थेट लेखन करणे आणि पक्के लिहिण्याची आज्ञा प्रत्यक्ष चकतीपर्यंत पोहोचते याची खात्री करून घेणे अत्यावश्यक मानतात.

अलीकडील स्थिती : ॲमेझॉनने २००६ मध्ये आभासी यंत्रे व २००९ मध्ये तयार माहितीसंचय भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ऑरोरा या तिच्या प्रणालीत माहितीसंचय केवळ नोंदवही जाळ्यावरून पाठवितो. साठवण यंत्रणा तिच्यावरून पृष्ठे तयार करते व तीन स्वतंत्र विभागांत मिळून सहा प्रती राखते. येथे दोन कारभाऱ्यांमधील कामाची वाटणी आरंभापासूनच ठरविलेली आहे.

उत्तम कार्यक्षमतेचे व्यवहारातील नियमही याच इतिहासातून आले आहेत. स्मृती पूर्णपणे राखून ठेवावी व तिचे व्यवस्थापन माहितीसंचयाकडे द्यावे. आभासी प्रक्रियक गरजेपुरतेच घ्यावेत. कारण प्रत्यक्ष प्रक्रियकांपेक्षा त्यांची संख्या फार वाढल्यास ताफ्याचा दोष बळावतो. नोंदवही व मुख्य माहिती यांच्या चकत्या शक्यतो अलग असाव्यात. कोणतीही चाचणी शेजारच्या यंत्रांवर नेहमीचा भार असतानाच करावी आणि तीत अधूनमधून वीज तोडूनही पाहावी. एका साधनाचा एकच कारभारी असावा, हे या सर्व नियमांमागील सूत्र होय.