गोमाईकाठचा निर्भयतेचा वारसा

सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलखात, गोमाई नदीच्या काठी, शहादे शहरास लागून असलेल्या लोणखेड्याचा इतिहास सांगावयाचा झाल्यास लक्ष साहजिकच प्रथम तेथील काळ्या कसदार जमिनीकडे, तीवरील ऊस-कापूस-केळीकडे आणि खानदेशाच्या जमाबंदीच्या जुन्या दप्तरांकडे वळते; परंतु ज्या रस्त्यांनी हा माल बाजारास गेला, त्याच रस्त्यांनी बायकांना निर्धास्तपणे जाता-येता येत होते की नाही, हा प्रश्न दप्तरे सहसा विचारीत नाहीत. तो प्रश्न या तालुक्यातील स्त्रियांनी स्वतःच, अर्धशतकापूर्वी, चव्हाट्यावर मांडला. आणि आज पहाटे धावावयास निघणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेचा विचार करताना तेथूनच आरंभ करणे मला अगत्याचे वाटते.

लोणखेडा त्या काळी धुळे जिल्ह्यात होते. आज ते ज्यात मोडते तो नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. तालुक्यातील अनेक भिल्ल कुटुंबांच्या जमिनी सावकारी कर्जापोटी हातच्या गेल्या होत्या, आणि एके काळचे कसणारे आता सालदार म्हणून परक्याच्या शिवारात राबत होते. पुरुष सालाने बांधलेला, स्त्री रोजंदारीवर. शिवाय सरपणासाठी व गवतासाठी बांधाबांधाने हिंडणे तिच्याच वाट्यास येई. पिकांच्या राखणीस नेमलेल्या माणसांनी चोरीचा आळ घेऊन तिला वाटेत अडवावे, प्रसंगी तिच्या अब्रूवर हात टाकावा, आणि फिर्याद करावयाची म्हटले तर आपलीच उलटतपासणी होईल या भयाने तिने गप्प बसावे, असा तो काळ होता.

१९७१ मध्ये या असंतोषास वाचा फुटली. भिल्ल समाजात जन्मलेले अंबरसिंग सुरतवंती या कुटुंबांसाठी आधीपासूनच झटत होते. त्यांना सर्वोदयी मंडळी आणि शहरांतून आलेले तरुण येऊन मिळाले, व १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे स्त्रियांची शिबिरे भरू लागली, तेव्हा जमीन आणि मजुरी यांबरोबरच बायकांनी आपले निराळे गाऱ्हाणे पुढे केले : नवरा दारू पितो आणि घरी येऊन मारतो. मग त्या जथ्याने गावोगाव गेल्या, त्यांनी भट्ट्या हुडकल्या, दारूने भरलेली मातीची मडकी फोडून टाकली, आणि बायकोवर हात उगारणाऱ्यास चारचौघांत उभे करून जाब विचारला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७६ मध्ये या लढ्यावर विस्ताराने लिहिले, आणि गेल ऑम्व्हेट यांनीही त्याची साक्ष नोंदविली. घरातला मार आणि शिवारातली अडवणूक ही एकाच जुलमाची दोन रूपे होत, हे या निरक्षर मजूर बायकांनी ओळखले. आणि स्वतः घरात कोंडून घेण्याऐवजी त्यांनी अपराध्याला उजेडात आणले, हे त्या चळवळीचे मर्म होय.

हीच जाण इतरत्रही प्रकट झाली : पुढे इंग्लंडातील लीड्स शहरी, स्त्रियांचे खून करणारा एक नराधम मोकाट असताना, रात्री बायकांनी बाहेर पडू नये असा सल्ला पोलिसांनी दिला, तेव्हा नोव्हेंबर १९७७ मध्ये तेथील स्त्रियांनी रात्रीच रस्त्यांवर मोर्चा काढून तो सल्ला झिडकारला. आपल्याकडे १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी किशोरीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी शिपायांना निर्दोष ठरविल्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. जे दुःख कुजबुजीत सांगितले जाई, ते उघड सांगितल्यानेच कायदा हलला.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले आणि शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांस ३० टक्के जागा राखून ठेवल्या. त्यामुळे ज्या वयात पूर्वी मुलीस उंबऱ्याआड बसवीत, त्या वयात ती आज पोलीस भरतीच्या तयारीस लागते : ओढणी कमरेला घट्ट बांधून, डांबरी रस्त्याच्या कडेने ८०० मीटरचे अंतर पुनःपुन्हा तोडते, आणि मग मोकळ्या जागी गोळाफेकीचा सराव करते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची आदिवासी कन्या कविता राऊत हिने अशाच ग्रामीण वाटांवर धावण्यास आरंभ करून २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविले, हे या मुलींना ठाऊक असते. परंतु मागून मोटारसायकल रेंगाळत आली, कोणी अचकट-विचकट बोलले, तर ती गोष्ट घरी सांगावी की नाही असा पेच तिला पडतो; कारण सांगितले की बहुधा धावणेच बंद होते, आणि शिक्षा निरपराध मुलीस भोगावी लागते.

येथेच शहाद्याच्या त्या पूर्वजांचा धडा उपयोगी पडावा. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली त्यास शिक्षा आहे. ११२ क्रमांकावर मदत मागता येते, आणि कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, फिर्याद नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तथापि कायदा मुलीच्या तोंडून उच्चारला जाण्यापूर्वी तिला घराने विश्वास द्यावा लागतो, आणि घराला गावाने. ग्रामसभेपूर्वी भरणारी महिला सभा ही यासाठीच योग्य जागा आहे : रस्त्यावरचा कोणता दिवा बंद आहे, कोणत्या वळणावर टवाळखोर बसतात, हे तेथे मांडले जावे, आणि त्या टवाळखोरांच्या बापांनाही त्याचा जाब द्यावा लागावा. मुलींनी जोडीने धावावे हे खरेच, पण सावधगिरीचा सारा बोजा त्यांच्याच शिरी टाकणे हा न्याय नव्हे. ज्या तालुक्यातील बायकांनी दारूची मडकी फोडून जुलमास तोंड दिले, तेथील मुलीने धावणे थांबवू नये; थांबवावयाचे ते तिचा पाठलाग करणाऱ्यास, आणि ते काम साऱ्या गावाचे आहे.