गाडीत कुठलं ऑइल घालायचं? : ठाणे ते कल्याण, एका प्रश्नाचा इतिहास

मंडळी, इतिहासाच्या व्याख्यानात इंजिन ऑइल कुठून आलं, असं काहींना वाटणं साहजिक आहे. पण ठाण्यात, डोंबिवलीत किंवा कल्याणात कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर अर्धा तास बसा. ‘कुठलं ऑइल घालू?’ हा प्रश्न कानावर पडणारच, आणि तीन माणसं त्याची तीन उत्तरं देणार. एक म्हणेल, जाडच घाला, इंजिन टिकतं. दुसरा म्हणेल, पातळ घाला, ॲव्हरेज मिळतं. तिसरा म्हणेल, कारचं घाला, भारी असतं. आमचं म्हणणं असं, की ही तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या काळी, कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर होती. सल्ला पिढीजात पुढे येतो, त्याचं साल मात्र मागे राहतं. आज आपण ती सालं शोधणार आहोत.

‘वंगण’ हा शब्द इंजिनापेक्षा कितीतरी जुना. बैलगाडीच्या आसाला वंगण लागायचंच. आणि गंमत बघा, इंजिन आल्यावरही आपलं एरंडेल लगेच सुटलं नाही. चार्ल्स वेकफील्ड यांच्या लंडनच्या कंपनीनं १९०९ साली एरंडेल मिसळलेलं इंजिनाचं तेल बाजारात आणलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून त्या तेलाचं नाव पडलं कॅस्ट्रॉल.

आता एअर-कूल्ड म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पात्या असतात. गाडी पळते, वारा त्या पात्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. पण पिस्टनच्या तळाशी, क्रँकच्या बेअरिंगजवळ वारा पोचत नाही. तिथली उष्णता तेलच उचलतं. म्हणजे या इंजिनात तेलाला दोन नोकऱ्या आहेत, एक वंगणाची आणि दुसरी थंडाव्याची. पुढचं सगळं या दुसऱ्या नोकरीवर ठरतं.

आपल्याकडचा पहिला मोठा काळ टू-स्ट्रोकचा. ठाण्याच्या वेशीवर, भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा स्कूटर बाहेर पडत होत्या. म्हैसूरहून १९६१पासून जावा आणि पुढे येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, १९७२ साली आकुर्डीहून बजाजची चेतक आणि त्याच साली कायनेटिकची लुना. या गाड्यांत इंजिनाचं तेल वेगळं भरायची सोयच नव्हती. ते पेट्रोलमध्ये मिसळायचं, गाडीप्रमाणे लिटरमागे साधारण २० ते ४० मिलिलिटर. पंपावर पेट्रोल घेतलं की वर मापानं ऑइल ओतायचं आणि गाडी थोडी हलवायची. म्हणजे त्या पिढीचा प्रश्न ‘किती ऑइल?’ असा होता. ‘कुठलं’ हा फार तर दुसरा प्रश्न. कमी पडलं तर पिस्टन जॅम, जास्त झालं तर प्लग काळा आणि मागच्याच्या तोंडावर धूर. १९८५च्या यामाहा आरएक्स १००मध्ये तेलाची टाकी वेगळी आली आणि माप पंपाकडे गेलं. त्या धुराचा शेवट शहरांच्या हवेनं केला. सुटं टू-टी ऑइल विकायला १९९८च्या अखेरीस दिल्लीत बंदी आली, आणि देशभर कमी धुराच्या तेलाकडे वाटचाल सुरू झाली.

याच काळात फोर-स्ट्रोकचा एकांडा शिलेदार होता बुलेट. मद्रासला १९५५पासून बनू लागलेली. तिचं इंजिन ओतीव लोखंडी सिलिंडरचं, भागांमधल्या फटी आजच्या मानानं मोठ्या. तिला दाट तेल लागायचं, नाहीतर आवाज वाढायचा. शिवाय इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लचच्या डब्यातलं वेगळं. ‘जाड म्हणजे चांगलं’ हा सल्ला बराचसा या घराण्यातला. बुलेटसाठी तो खोटा नव्हता. फक्त तो सगळ्यांना लागू झाला, तिथे घोटाळा झाला.

डब्यावरचे आकडेही इतिहासच सांगतात. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सनं, म्हणजे एसएईनं, १९११मध्ये तेलाच्या दाटपणाची पहिली वर्गवारी केली. २०डब्ल्यू-५० यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. आता कोणी म्हणेल, डोंबिवलीत कुठली आली एवढी थंडी? थंडी नाही, बरोबर. पण रात्रभर उभ्या गाडीचं तेल तळाशी बसलेलं असतं आणि तापलेल्या तेलापेक्षा कितीतरी दाट असतं. सकाळी किक मारल्यावर ते वर कॅमपर्यंत जितक्या लवकर चढेल, तितकी झीज कमी. म्हणून पहिला आकडाही आपल्या कामाचा आहे.

मग आली १९८५ची हिरो होंडा सीडी १००. फोर-स्ट्रोक, धूर नाही, पेट्रोल कमी. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या नोकरदाराला आणखी काय हवं होतं! पण या जपानी घडणीत एक मोठा बदल होता. इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना मिळून एकच तेल, तेही जेमतेम लिटरभर. भाग बारकाईनं बसवलेले, तेलाच्या वाटा अरुंद. आज स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. २००१मध्ये आलेल्या पल्सरला बजाजनं २०डब्ल्यू-५० सांगितलं. दोघी एअर-कूल्ड, दोघी याच रस्त्यावर धावणाऱ्या, आणि दोघींची उत्तरं वेगळी. कारण ग्रेड हवामानावर ठरतो तसा इंजिनाच्या घडणीवरही ठरतो. स्प्लेंडरमध्ये ‘टिकाऊ म्हणून’ ५०चं घातलं तर इंजिन जड चालेल, पेट्रोल जास्त खाईल. पल्सरमध्ये ‘ॲव्हरेजसाठी’ ३०चं घातलं तर तापल्यावर तेलाचा थर नको तितका पातळ होईल.

राहिला कारच्या तेलाचा सल्ला. एके काळी तो चालून जायचा. पण १९९०च्या दशकात कारची तेलं बदलली. इंधन वाचावं म्हणून त्यांत घर्षण कमी करणारी द्रव्यं आली. कारचा क्लच कोरडा, त्याचा इंजिनाच्या तेलाशी संबंध नाही. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला, आणि क्लचला तर घर्षणच हवं! प्लेटा घसरू लागल्या. रेस वाढते, गाडी पुढे जात नाही, अशी तऱ्हा. त्यावर जपानच्या जासो या मानक संस्थेनं १९९८मध्ये मोटरसायकलच्या तेलाची वेगळी प्रमाणं काढली. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. मोटरसायकलला एमए किंवा एमए-टू बघूनच घ्यायचं. डब्याच्या मागची ही दोन अक्षरं पुढच्या मोठ्या नावापेक्षा महत्त्वाची आहेत, बरं का.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. १९१०च्या दशकातला कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला आणि नवा पूल जानेवारी २०२१मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षं तिथे काय कोंडी होती, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. शिळफाटा आणि घोडबंदर रोड यांचं वेगळं सांगायला नको. कोंडीत एअर-कूल्ड इंजिनाचा वाराच जातो. इंजिन चालू, गाडी उभी. अशा वेळी उष्णतेचा बराचसा भार तेलावर येतो.

आणि इथे किलोमीटरचा हिशेब फसतो. समजा, ३,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं. ताशी ४० किलोमीटरनं ते अंतर ७५ तासांत होतं. ताशी १५नं गेलात तर इंजिन २०० तास चालतं. मीटरवर आकडा तोच, तेलाचं वय जवळजवळ तिप्पट. दिवसभर घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलांची गाडी हेच जगते. आठवड्याला तेलाची पातळी न पाहणं त्यांना परवडणारं नाही, कारण इंजिन बसलं की कमाईच बसते.

याच्या उलट आपला स्टेशनवाला. घर ते डोंबिवली स्टेशन दोन किलोमीटर, गाडी पार्किंगला, पुढे लोकल. त्याला वाटतं, आपली गाडी कुठे चालते? पण एवढ्यात तेल पुरतं तापतच नाही. आतला ओलावा आणि तेलात उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात तेल दुधाळ दिसू लागतं. म्हणून त्याने किलोमीटर न पाहता कॅलेंडर पाहायला हवं. २६ जुलै २००५ला गाड्या बुडाल्या, तेव्हा शहाण्या मेस्त्रींनी सांगितलेली गोष्टही हीच: पाणी शिरलं असेल तर किक मारू नका, आधी तेल काढा.

आणखी एक. तेल काळं झालं म्हणजे बाद झालं, असं नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. मात्र पातळी उतरली, दुधाळपणा आला किंवा दिवस भरले, तर रंग कसाही असो, बदला. आणि रिकामा डबा तुमच्यासमोर कापायला सांगा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा विकला जाणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बाकड्यावर कोणी सल्ला दिला, तर ऐकून घ्या, वाद घालू नका. फक्त मनात तीन प्रश्न विचारा. हा सल्ला कुठल्या सालचा? कुठल्या इंजिनाचा? आणि कुठल्या रस्त्याचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतात. तिसऱ्याचं उत्तर त्यात नसतं. ते शिळफाट्यावर रोज उभ्या राहणाऱ्या आपल्यालाच द्यावं लागतं.