प्रतिमा आणि प्रतिमाभंग : सायकेडेलिक काळातील गायकवृंदांचे तीन चित्रपट

लोकप्रिय गायकवृंदांना घेऊन काढलेले चित्रपट हा गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका साहजिकपणे उपस्थित होते. चित्रपटाचे इतिहासकार त्यांची गणना ध्वनिमुद्रिकांच्या जाहिरातींत करतात आणि संगीताचे इतिहासकार त्यांना गायकांच्या कारकिर्दीतील एक करमणुकीचा अपघात समजतात. परिणामी हे चित्रपट दोन्ही दालनांच्या उंबरठ्यावर पडून राहिले आहेत. वस्तुतः १९६७ आणि १९६८ ह्या दोन वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत जे थोडे प्रयोगशील चित्रपट गायकवृंदांना मध्यवर्ती ठेवून निर्माण झाले, त्यांत एक महत्त्वाचा प्रश्न उघडपणे मांडला गेला आहे. तो प्रश्न असा : यंत्राच्या साहाय्याने लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रतिमेचा खरा धनी कोण? ज्याची ती प्रतिमा आहे तो कलावंत, ती घडविणारा दिग्दर्शक, तिच्यात पैसा घालणारा निर्माता, की तिचा प्रसार करणारे माध्यम? प्रस्तुत लेखात 'मॅजिकल मिस्टरी टूर', 'हेड' आणि 'वन प्लस वन' ह्या तीन कृतींच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९६४ साली रिचर्ड लेस्टर ह्यांनी बीटल्सना घेऊन 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट काढला. युनायटेड आर्टिस्ट्स ह्या संस्थेने तो हाती घेतला तो प्रामुख्याने त्यातील गीतांच्या ध्वनिमुद्रिकेच्या हक्कांवर दृष्टी ठेवून. तथापि लेस्टर ह्यांनी हलता कॅमेरा, तुटक संकलन आणि वृत्तपटाचा आभास ह्यांचा इतका चतुर उपयोग केला की, गायकवृंदाचा चित्रपट म्हणजे गाण्यांना जोडणारी पोकळ कथा, ही समजूत मोडली. पुढच्याच वर्षी 'हेल्प!' निघाला, आणि जॉन बूरमन ह्यांनी डेव्ह क्लार्क फाइव्ह ह्या वृंदाला घेऊन 'कॅच अस इफ यू कॅन' केला. ह्या दुसऱ्या चित्रपटात प्रसिद्धीच्या व्यवसायाविषयी एक उदास सूर प्रथमच ऐकू येतो. म्हणजे प्रतिमेविषयीचा संशय सायकेडेलिक काळापूर्वीच रुजू लागला होता.

'सायकेडेलिक' हा शब्द हंफ्री ऑस्मंड ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६-५७ च्या सुमारास ग्रीक शब्दांवरून बनविला. 'मन प्रकट करणारे' असा त्याचा ढोबळ अर्थ. आरंभी तो विशिष्ट मादक द्रव्यांसाठी होता. दहा वर्षांच्या आत तो संगीत, चित्रकला, वेष आणि रंगसंगती ह्यांच्या एका शैलीचे नाव झाला. काळाचा सलग प्रवाह मोडणे, रंगांना वस्तूपासून मुक्त करणे आणि 'मी' ह्या जाणिवेच्या सीमा पुसणे, ही त्या शैलीची तीन लक्षणे सांगता येतील. ही तिन्ही लक्षणे चित्रपटाच्या तंत्राला सहज साध्य होती. संकलनाच्या टेबलावर काळ मोडता येतो, प्रयोगशाळेत रंग पालटता येतात, आणि पडद्यावर एकाच व्यक्तीच्या अनेक प्रतिमा दाखविता येतात. गायकवृंद चित्रपटाकडे वळले ह्यात म्हणूनच आश्चर्य नाही.

बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन २७ ऑगस्ट १९६७ रोजी निधन पावले. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, ११ सप्टेंबरला, 'मॅजिकल मिस्टरी टूर'चे चित्रीकरण सुरू झाले. रूढ अर्थाने पटकथा नव्हती. एक रंगीत बस, तीत नट-नट्या, विदूषक आणि स्वतः चौघे गायक, आणि डेव्हन-कॉर्नवॉलच्या दिशेने प्रवास, एवढेच त्याचे सूत्र. गंतव्य न सांगता निघणाऱ्या सहलीच्या बसगाड्या ही इंग्लंडमधील श्रमिकवर्गाची जुनी करमणूक होती. ह्या घरगुती परंपरेवर स्वप्नसदृश दृश्यांचे कलम करावे, हा त्यातील हेतू होय. चित्रीकरण वेगाने उरकले, पण संकलनाला अनेक आठवडे लागले. निर्माते, दिग्दर्शक आणि नट हे सारे स्वतः गायकच होते. म्हणजे आपल्या प्रतिमेवर कलावंताचा संपूर्ण ताबा, ही स्थिती येथे जवळजवळ प्रत्यक्षात आली होती.

परंतु त्या ताब्याची मर्यादाही येथेच दिसून येते. सुमारे ५३ मिनिटांचा हा चित्रपट २६ डिसेंबर १९६७ च्या रात्री बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरून दाखविला गेला, आणि ती वाहिनी त्या वेळी कृष्णधवल होती. 'फ्लाइंग' ह्या वाद्यरचनेबरोबर येणाऱ्या भूदृश्यांचे सारे प्रयोजन पालटत्या रंगांत आहे. ते रंग गेल्यावर प्रेक्षकांसमोर उरले ते करड्या छटांचे अर्थहीन तुकडे. नाताळच्या सुटीत कुटुंबासह बसलेल्या प्रेक्षकाला हलकीफुलकी करमणूक अपेक्षित होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी कडक टीका केली आणि पॉल मॅकार्टनी ह्यांना दूरचित्रवाणीवर येऊन चित्रपटाचे समर्थन करावे लागले. ५ जानेवारी १९६८ रोजी दुसऱ्या वाहिनीवरून तो रंगांत दाखविला गेला, पण रंगीत संच असणारी घरे तेव्हा फार थोडी होती. कृतीतील शैथिल्य नाकारण्याचे कारण नाही. ती अनेक ठिकाणी रेंगाळते. तरीही तिच्यावरचा पहिला निकाल ज्या पुराव्यावर दिला गेला तो पुरावाच अपुरा होता, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. कलावंताने निर्माता आणि दिग्दर्शक ह्या दोघांना दूर सारले, पण माध्यमाला दूर सारणे त्याच्या हाती नव्हते.

येथे एका मुंबईशी निगडित प्रकरणाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. जो मॅसो ह्यांच्या 'वंडरवॉल' (१९६८) ह्या चित्रपटात भिंतीच्या छिद्रातून शेजारच्या तरुणीचे रंगीबेरंगी जग पाहणाऱ्या एका एकलकोंड्या प्राध्यापकाची कथा आहे. त्याचे संगीत जॉर्ज हॅरिसन ह्यांनी केले आणि त्याचा काही भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित झाला. संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि इतर भारतीय वादकांचा त्यात सहभाग होता. 'द इनर लाइट' ह्या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामात मुद्रित झाले. 'अ‍ॅपल' ह्या नव्या संस्थेची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ती हीच. ह्या चित्रपटात गायकवृंद पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो आपल्या मुख्य विवेचनात बसत नाही. परंतु पडद्यावरील स्वप्नसृष्टीला ज्यांनी नाद पुरविला ते मुंबईचे वादक पाश्चात्त्य प्रेक्षकाला बव्हंशी अनाम राहिले, ही बाब प्रतिमेच्या धनीपणाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू असल्याचे सुचविते.

'हेड' ह्या चित्रपटाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मंकीज हा वृंद आपोआप जमलेला नव्हता. १९६५ मध्ये वृत्तपत्रांत जाहिरात देऊन, शेकडो उमेदवारांमधून चौघांची निवड करण्यात आली. १२ सप्टेंबर १९६६ पासून एनबीसीवर त्यांची मालिका सुरू झाली. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत गायन त्यांचे असले तरी वाद्ये बहुतांशी इतरांची होती. १९६७ च्या प्रारंभी त्यांनी ह्याविरुद्ध बंड केले आणि स्वतः वाजविण्याचा हक्क मिळविला. १९६८ च्या मार्चमध्ये मालिका संपली. अशा वेळी मालिकेचे एक जनक बॉब राफेलसन आणि तेव्हा फारसा प्रसिद्ध नसलेला नट जॅक निकोल्सन ह्यांनी 'हेड'ची पटकथा रचली. तिच्या मुळाशी चौघा गायकांसह झालेल्या आणि ध्वनिफितीवर नोंदविलेल्या गप्पा होत्या. लेखनाचे श्रेय मात्र गायकांना मिळाले नाही. ह्याच्या निषेधार्थ चौघांपैकी तिघे चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी आलेच नाहीत. ज्या चित्रपटाचा विषयच गायकांचे परावलंबन हा आहे, त्याच्या निर्मितीचा आरंभ त्याच परावलंबनाच्या तक्रारीने व्हावा, ही विसंगती बोलकी आहे.

चित्रपटाच्या प्रारंभी मिकी डोलेन्झ एका पुलावरून पाण्यात उडी घेतो, आणि शेवटी चौघेही तीच उडी घेतात. मध्यंतरी युद्धपट, वाळवंट, मुष्टियुद्ध, जाहिरात असे निरनिराळे चित्रप्रकार एकमेकांत मिसळतात. एका प्रसंगी हे चौघे व्हिक्टर मॅच्युअर ह्या महाकाय नटाच्या केसांतील कोंड्याचे कण होतात. एक काळी पेटी पुनःपुन्हा येते आणि ते तीत अडकतात. अखेरीस ज्या पाण्यात ते मुक्त झाले असे वाटते ते पाणीही लॉरीवर ठेवलेल्या एका काचेच्या टाकीतले निघते. सुटकेचा मार्गही कारखान्यानेच बांधून दिलेला आहे, हा त्याचा अर्थ स्पष्ट आहे. रंगमंचावरील एका प्रसंगात तर चाहते धावून येतात, गायकांना ओरबाडतात, आणि हाती लागतात ते निर्जीव पुतळे.

ह्याच चित्रपटात एक दृश्य असे आहे की त्याचा विचार टाळता येत नाही. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामचे पोलीसप्रमुख न्गुयेन न्गॉक लोन ह्यांनी एका बंद्याच्या मस्तकात गोळी झाडली. त्या घटनेची चित्रफीत 'हेड'मध्ये वापरली आहे, आणि तिच्या लगोलग किंचाळणारी एक तरुण चाहती दाखविली आहे. करमणूक आणि संहार एकाच पडद्यावरून, एकाच बैठकीत घरात येतात, हा त्यातील आरोप यथार्थ आहे. परंतु आरोप करणारा स्वतः काय करतो? एका मनुष्याचा खराखुरा मृत्यू तो आपल्या उपरोधाचे साहित्य बनवितो. ज्या यंत्राचा निषेध करावयाचा त्याच यंत्राची रीत येथे पत्करली आहे. मरणाऱ्या बंद्याला आपल्या प्रतिमेवर कोणताच हक्क नव्हता, आणि बंडखोर चित्रपटानेही तो त्याला दिला नाही. 'हेड'च्या प्रशंसकांनी ह्या प्रश्नाला पुरेसे सामोरे जावयास हवे.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. सुमारे साडेसात लाख डॉलर खर्चाच्या ह्या चित्रपटाचे उत्पन्न नगण्य होते. जाहिरातीत गायकांऐवजी एका अनोळखी पुरुषाचा चेहरा छापलेला होता. किशोरवयीन चाहत्यांना तो कळला नाही, आणि ज्या प्रौढ प्रेक्षकांना कळला असता ते मंकीजचे नाव ऐकून फिरकले नाहीत. मात्र मालिकेने मिळवून दिलेल्या पैशाच्या बळावर त्याच निर्मात्यांनी १९६९ मध्ये 'ईझी रायडर' काढला आणि अमेरिकन चित्रपटाला नवे वळण दिले. ज्यांची प्रतिमा मोडली त्यांच्या वाट्याला उतरती कळा आली. ज्यांनी ती मोडली ते पुढे गेले.

'वन प्लस वन' ह्या कृतीत तिसरा घटक, म्हणजे निर्माता, उघडपणे पुढे येतो. पॅरिसमधील मे १९६८ च्या उठावानंतर झाँ-लुक गोदार लंडनला आले आणि जूनमध्ये ऑलिंपिक ध्वनिमुद्रणगृहात रोलिंग स्टोन्सचे चित्रीकरण त्यांनी केले. 'सिंपथी फॉर द डेव्हिल' हे गीत हळूहळू कसे घडते, ते कॅमेरा लांबलांब, संथ फेऱ्यांनी टिपतो. पहिली मंद चाल टाकून दिली जाते आणि तिच्या जागी सांबा धर्तीचा ठेका येतो. ब्रायन जोन्स हा संस्थापक वादक आडोशात एकटा गिटार वाजवीत बसलेला दिसतो, पण त्याचा नाद जवळजवळ ऐकू येत नाही. पुढे जुलै १९६९ मध्ये तो निवर्तला. वृंदातील सत्तेचे स्थलांतर ह्या चित्रपटाइतके निर्विकारपणे क्वचितच कोणी नोंदविले असेल. ह्या दृश्यांच्या मध्ये मोडक्या मोटारींच्या आवारात कृष्णवर्णीय क्रांतिकारकांची भूमिका करणारे नट राजकीय उतारे वाचतात. संगीत आणि क्रांती शेजारी शेजारी ठेवली तरी त्यांची बेरीज आपोआप होत नाही, हे शीर्षकात सूचित आहे.

म्हणूनच गोदार ह्यांनी गीत पूर्ण ऐकविले नाही. निर्माते आयन क्वारिअर ह्यांनी मात्र शेवटी पूर्ण गीत जोडले आणि चित्रपटाचे नावही गीताचेच ठेवले. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमधील खेळाच्या वेळी गोदार ह्यांनी क्वारिअर ह्यांना ठोसा मारला. ह्या प्रसंगाकडे लहरी कलावंताचा किस्सा म्हणून पाहिले जाते, पण तंट्याचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. अपूर्ण गीत म्हणजे प्रक्रिया, पूर्ण गीत म्हणजे विक्रीची वस्तू. ह्या दोन अर्थांमध्ये अवघ्या काही मिनिटांच्या चित्रफितीचे अंतर होते.

तिन्ही कृती एकत्र ठेवल्या म्हणजे काही निष्कर्ष निघतात. पहिल्या कृतीत गायकांचा ताबा माध्यमापाशी अडला. दुसऱ्या कृतीत प्रतिमाभंगाचे श्रेय आणि फळ गायकांना न मिळता इतरांना मिळाले. तिसऱ्या कृतीत दिग्दर्शकाचा हेतू निर्मात्याच्या कात्रीपुढे टिकला नाही. म्हणजे प्रतिमेचा एकच धनी कोठेही आढळत नाही. धनीपण हे प्रत्येक वेळी झगड्यातून ठरते, आणि बहुधा ज्याच्या हाती शेवटचे संकलन किंवा शेवटचे प्रसारण असते त्याच्या बाजूने ते झुकते.

पुढील काळाने ह्या कृतींचे पुनर्मूल्यन केले आहे. २०१० मध्ये 'हेड' नामवंत चित्रपटसंग्रहात समाविष्ट झाला, आणि २०१२ मध्ये 'मॅजिकल मिस्टरी टूर'ची जीर्णोद्धारित प्रत रंगांत पुन्हा दाखविली गेली. एके काळी हास्यास्पद ठरलेल्या कृती आज दुर्लक्षित रत्ने म्हणून गौरविल्या जातात. हा दुसरा टोकाचा निकालही सावधपणे स्वीकारला पाहिजे. ह्या चित्रपटांतील तुटक संकलन आणि रंगांचे खेळ १९८१ नंतर गीतचित्रफितींच्या वाहिन्यांनी सर्रास उचलले; बंडाची भाषा विक्रीची भाषा झाली. परंतु तंत्र उचलता आले तरी मूळ प्रश्न उचलता आला नाही. काचेच्या टाकीतील चार पोहणारे आणि आडोशात बसलेला न ऐकू येणारा वादक ही दृश्ये तो प्रश्न अजूनही विचारीत आहेत, आणि चित्रपटाच्या इतिहासात ह्या कृतींना स्थान द्यावयाचे ते ह्याच कारणासाठी होय.