न मिसळणारें पाणी

पाण्यांत पाणी मिसळतेंच, असें मी वर्गांत मुलांना अनेक वर्षें सांगत असें. आफ्रिकेंतील कॅमेरून देशाच्या न्योस सरोवरानें माझें तें विधान खोटें ठरविलें आहे. ज्वालामुखीच्या विवरांतील हें सरोवर सुमारें २०० मीटर खोल. भूगर्भांतून येणारा कार्बन डायॉक्साइड वायु तळच्या पाण्यांत विरघळतो. त्या योगें जड झालेलें पाणी खालींच राहतें आणि वरचें हलकें पाणी त्यावर झांकणासारखें बसतें.

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्रीं हें झांकण उघडलें. तळचें पाणी वर येऊं लागतांच त्यावरील दाब घटला, वायु फसफसून बाहेर पडला आणि हवेहून जड असल्यामुळें दऱ्यांतून खालच्या गांवांत उतरला. सुमारें १७०० माणसें आणि हजारों गुरें गुदमरून मेलीं. दोनच वर्षांपूर्वीं, १९८४ मध्यें, त्याच देशांतील मोनून सरोवरानें ३७ बळी घेतले होते. परंतु त्या सूचनेचा अर्थ वेळेवर उमगला नाहीं.

२००१ मध्यें शास्त्रज्ञांनीं न्योसच्या तळाशीं नळी सोडली. पंपानें एकदां पाणी वर खेंचलें, कीं पुढें वायूच्याच जोरानें तें कारंज्यासारखें उसळत राहतें. ज्या शक्तीनें घात केला, तिलाच माणसानें पहाऱ्याला बसविलें!