शिकविणाऱ्याचे शिक्षण : होशंगाबादचा प्रयोग

पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र हाती पडले की शिक्षकाचे शिक्षण पूर्ण झाले, हा समज समाजात फार जुना आहे. विज्ञानाच्या बाबतीत तो विशेष घातक ठरतो. ज्याने स्वतः कधी प्रयोग करून पाहिला नाही, तो वर्गात प्रयोगाचे वर्णन सांगतो आणि मुले ते वर्णन पाठ करतात. परीक्षा उत्तीर्ण होते; विज्ञान मात्र कोणाच्याच पदरी पडत नाही. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याचा एक मोठा प्रयत्न मध्य प्रदेशात, नर्मदेच्या दक्षिण तीरावरील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. तो ‘होशंगाबाद विज्ञान’ या नावाने प्रसिद्ध आहे. २०२२ साली या जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम् झाले.

या उपक्रमाचे बीज काही अंशी मुंबईतले आहे. प्रयोगांच्या द्वारे पदार्थविज्ञान शिकविण्याची एक पद्धत अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाच्या अभ्यासगटाने सिद्ध केली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत राबवून पाहिली. तीच पद्धत खेड्यापाड्यांतील शाळांना मानवेल काय, हा प्रश्न पुढे आला. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी, शासनाच्या अनुमतीने, जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हे कार्य आरंभिले. दिल्ली विद्यापीठातील अध्यापक त्यात सहभागी झाले. विद्यापीठातील अध्यापकांना तेथे काम करता यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने पाठ्यवृत्तीही देऊ केल्या.

खरी अडचण पुस्तकांची नव्हती, उपकरणांचीही नव्हती. काचेच्या नळ्या, भिंगे, चुंबक असे साधे साहित्य पेटीत घालून शाळेत पोचविता येते. परंतु हा विषय शिकविणाऱ्या पुष्कळ शिक्षकांनी महाविद्यालयात विज्ञान घेतलेले नव्हते. त्यांना नोकरी सोडवून विद्यापीठात पाठविणे शक्य नव्हते. तेव्हा विद्यापीठच त्यांच्याकडे आणावे, असा मार्ग निघाला. तीन वर्षे दर उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांची निवासी शिबिरे भरत. तेथे व्याख्यानांना गौण स्थान होते. शिक्षक चारचारांच्या टोळ्या करून बसत. पुढे वर्गात मुलांनी जे प्रयोग करावयाचे, तेच आधी त्यांनी करावे, नोंदी ठेवाव्या, निष्कर्षांवर वाद घालावे, असा शिरस्ता होता. टोळ्यांची मापे जुळली नाहीत तर अचूक आकडा कोणीही सांगून टाकीत नसे. मापे का जुळली नाहीत याचा शोध सुरू होई. प्राध्यापकालाही ‘मला ठाऊक नाही, करून पाहू’ असे म्हणावे लागे. हा धडा ग्रामीण शिक्षकाला फार मोलाचा वाटला. कारण वर्गात अडलेला प्रश्न दडपून टाकणे हाच तोवर त्याचा एकमेव आसरा होता.

शिबिर संपले तरी संबंध तुटत नसे. दर महिन्याला परिसरातील शिक्षक एकत्र येत. वर्गातल्या अडचणी, फसलेले प्रयोग, मुलांनी विचारलेले प्रश्न यांची चर्चा होई. ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके शिक्षकांच्या अशा अनुभवांतूनच सुधारत गेली. त्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. म्हणूनच परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा देता आली आणि प्रयोगांचीही स्वतंत्र परीक्षा घेता आली. पाठांतराला वाव उरला नाही, तशी शिक्षकालाही पळवाट उरली नाही.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांत लागू झाला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथे गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हाल्वची रबरी नळी यांतून आकृत्या रचण्याची त्यांची कल्पना तेथेच उदयास आली. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि देवास, उज्जैन आदी माळव्यातील जिल्ह्यांसह एकूण पंधरा जिल्ह्यांत हा उपक्रम पोचला.

२००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. साहित्य वेळेवर न पोचणे, जाणत्या शिक्षकांच्या बदल्या आणि नववीत गेल्यावर मुले मागे पडतील ही पालकांची भीती, या उणिवा खऱ्या होत्या. पण त्यांवरचा उपाय शिक्षकांना अधिक शिकविणे हा होता. शिक्षकांची शाळाच मोडणे हा नव्हता. एका आदेशाने पुस्तके बदलता येतात. मासिक बैठकीत बसून आपली शंका मोकळेपणाने मांडण्याची सवय मात्र लागायला तीस वर्षे लागली होती.

तरीही सारे लयाला गेले असे नाही. एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’ द्वैमासिकापासून स्फूर्ती घेऊन पुण्याहून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले आणि शिक्षकांच्या वाचनाची सोय झाली. उन्हाळी वर्ग, पदव्युत्तर अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे यांची आज वाण नाही. त्यांची पारख करण्यासाठी होशंगाबादने एक साधा निकष मागे ठेवला आहे : त्या वर्गातून परतलेला शिक्षक स्वतःच्या हाताने काय करून पाहतो, आणि अडल्यावर विचारण्यासाठी त्याला सोबती कोण आहे?